चित्राचें कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपले वाडवडील सांगत आले आहेत. उगमापर्यंत गेलें म्हणजे भक्ति थोडी उणावते, हा त्यांचा अनुभव असावा. परंतु ह्या म्हणींत चित्राचें नांव कोणीं घातलें नाहीं, हें एका परीनें बरें झालें. कारण चित्राच्या बाबतींत नियम अगदीं उलट आहे. ज्या चित्राचें कूळ कोणीं विचारलें नाहीं, त्याची भक्ति कोणीं करूं नये.

शेत विकत घ्यावयाचें झालें तर आपण सातबाऱ्याचा उतारा पाहतों, फेरफार पाहतों, वहिवाट कोणाची ह्याची गांवांत चौकशी करतों. सोयरीक जुळवितांना तीन पिढ्या मागें जातों. पण कोणाच्या दिवाणखान्यांतील चित्राकडे पाहून "हें कोणाचें?" एवढें विचारलें आणि उत्तरादाखल चित्रकाराचें नांव मिळालें कीं आपलें समाधान होतें. वास्तविक ह्या प्रश्नाचीं उत्तरें दोन. चित्र कोणीं काढलें, हें एक; आणि काढल्यापासून आजवर तें कोणाकोणाच्या घरीं नांदलें, हें दुसरें. ह्या दुसऱ्या उत्तरास मी येथें चित्राचें कूळ म्हणतों.

पुष्कळांची समजूत अशी कीं, कूळ शोधणें हा व्यापाऱ्याचा व वकिलाचा धंदा. रसिकास त्याच्याशीं कर्तव्य नाहीं. मला ही समजूत चुकीची वाटते. चित्र कोणासाठीं काढलें गेलें, कोणीं दडविलें, कोणीं जळूं दिलें, कोणीं परत आणलें, हें कळल्यावर त्याच चित्रांत पूर्वीं न दिसलेल्या गोष्टी दिसूं लागतात. उलट, कुळाच्या नांवाखालीं किंमत फुगविली जाते तेव्हां दिसणाऱ्या गोष्टीहि दिसेनाशा होतात. म्हणून कूळ तपासणें हें टीकाकाराचेंच काम आहे. फिलिपाईन बेटांतील जुन्या चित्रांच्या इतिहासांत ह्या दोन्ही गोष्टी फार ठळकपणें दिसतात. तो देश आपल्या वाचकांस फारसा परिचित नाहीं, म्हणून थोडी पार्श्वभूमि प्रथम सांगतों.

त्या बेटांवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचें राज्य होतें. ह्या दीर्घ काळांतील बरीचशी चित्रकला चर्चच्या भिंतींसाठीं झाली आणि तींतील बहुतेक कारागिरांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून नांवें दिसूं लागतात. दामियान दोमिंगो, हुस्तिनियानो आसुन्सियोन व होसे ओनोरातो लोसानो हे पहिल्या फळीचे. त्यांच्यामागून सिमोन फ्लोरेस. आणि मग युरोपांत जाऊन कीर्ति मिळविणारे हुआन लूना (१८५७–१८९९) व फेलिक्स रेसुरेक्सियोन इदाल्गो (१८५५–१९१३). विसाव्या शतकांतील फेर्नांदो आमोर्सोलो (१८९२–१९७२) ह्यालाहि आतां संग्राहक ह्याच पंक्तीस बसवितात. मनिलेंत जुने श्रेष्ठ चित्रकार म्हणून ज्यांच्या कृतींस मागणी असते ते हेच.

ह्यांचीं चित्रें मायदेशापेक्षां परदेशांत अधिक कां विखुरलीं, ह्याचीं कारणें साधीं आहेत. पहिल्या फळीच्या चित्रकारांचें गिऱ्हाईक बरेचसें परकें होतें. स्पॅनिश अधिकारी व निरनिराळ्या देशांचे व्यापारी बदली होऊन किंवा धंदा आटोपून घरीं जातांना बेटांची आठवण म्हणून जलरंगांतील चित्रांचे संग्रह घेऊन जात. लूना व इदाल्गो ह्यांनीं तर आपलीं मोठीं चित्रें रोम, माद्रिद व पॅरिस येथेंच काढलीं व तेथल्याच प्रदर्शनांत मांडलीं. आणि जें मनिलेंत होतें, त्यांतील पुष्कळ १९४५ च्या युद्धांत गेलें. त्याविषयीं पुढें लिहीन.

लोसानोपासून आरंभ करूं. त्याची एक खास तऱ्हा होती. तिला स्पॅनिश भाषेंत 'लेत्रास इ फिगुरास', म्हणजे अक्षरें आणि आकृति, असें म्हणतात. गिऱ्हाइकाचें नांव मोठ्या अक्षरांनीं कागदावर मांडावयाचें. पण प्रत्येक अक्षर जुळवावयाचें तें मनिलेच्या रस्त्यांत वावरणाऱ्या माणसांच्या आकृतींनीं, आणि भोंवतीं नदी, पूल, बाजार, घरें ह्यांचीं लहान लहान दृश्यें काढावयाचीं. येथें पहिला मालक कोण हें शोधण्यास दप्तर चाळावें लागत नाहीं. मालकाचें नांव हाच चित्राचा विषय आहे. पुढें तें चित्र दहा घरें फिरलें तरी प्रत्येक नव्या मालकास दुसऱ्याच्या नांवाखालीं बसूनच आपलें वैभव मिरवावें लागतें. संग्राहकाच्या अहंकारावर इतका सौम्य उपहास दुसऱ्या कोणत्या चित्रप्रकारांत असेल असें मला वाटत नाहीं.

दोमिंगोच्या एका चित्रसंग्रहाची गोष्टहि अशीच. तो आज अमेरिकेंत शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयांत आहे. मनिला व प्रांतोप्रांतींचे पोषाख हा त्याचा विषय. आणि त्याच्या शीर्षकपृष्ठावर चित्रकाराच्या जोडीनें राफाएल दानिएल बाबूम ह्या व्यापाऱ्याचें नांव आहे. लोसानोनें १८४७ मध्यें केलेला असाच एक मोठा संग्रह माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. तो हेर्वासियो हिरोनेल्या ह्या स्पॅनिश अधिकाऱ्यानें करवून घेतला होता. हीं नांवें केवळ माहितीसाठीं लक्षांत ठेवावयाचीं नाहींत. त्या चित्रांतील माणसें पाहा: कोळीण असो, शेतकरी असो, गांवचा मुखिया असो, प्रत्येकाचें वस्त्र स्वच्छ, चेहरा शांत, पाठीमागें बहुधा कोरा कागद. श्रमाचा घाम कोठें दिसत नाहीं. एखादा टीकाकार ह्यास चित्रकाराची मर्यादा म्हणेल. कूळ ठाऊक असलेला टीकाकार निराळें म्हणेल. हीं चित्रें ज्यानें मागविलीं त्याला बेटांचें दुःख पेटींत घालून न्यावयाचें नव्हतें; त्याला बेटांची आठवण न्यावयाची होती. शैलीचें कारण गिऱ्हाइकाच्या नांवांत सांपडतें, तें असें.

आतां लूनाच्या 'स्पोलियारियम'कडे वळूं. फिलिपिनो चित्रांत ह्याच्याइतकें प्रसिद्ध चित्र दुसरें नाहीं, आणि ह्याच्याइतकें कूळ उघड असलेलेंहि थोडेंच असेल. रोमन आखाड्यांत लढतां लढतां मेलेल्या योद्ध्यांचीं प्रेतें तळघरांत ओढून आणून तेथें त्यांचीं शस्त्रें व वस्त्रें उतरवीत. त्या जागेचें नांव स्पोलियारियम. सुमारें चार मीटर उंच व साडेसात मीटरांहून अधिक रुंद अशा ह्या चित्रास १८८४ मध्यें माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें. त्याच प्रदर्शनांत इदाल्गोच्या चित्रास रौप्यपदक मिळालें. २५ जून १८८४ रोजीं माद्रिदमधील फिलिपिनो मंडळींनीं दोघांच्या सत्कारार्थ मेजवानी दिली, तींत तरुण होसे रिझाल ह्यांनीं भाषण केलें. ओढल्या जाणाऱ्या त्या प्रेतांत ह्या तरुणांना आपला देश दिसला. परक्या राज्यकर्त्याच्या राजधानींत, परक्या इतिहासांतील विषयावर काढलेलें चित्र एका रात्रींत स्वदेशाचें गाऱ्हाणें झालें.

पुढें काय झालें? बार्सिलोनाच्या प्रांतिक सरकारनें तें २०,००० पेसेतांस विकत घेतलें. १८८७ मध्यें तें तेथील संग्रहालयांत गेलें व अर्धशतक बार्सिलोनांतच राहिलें. १९३७ मध्यें, स्पेनमधील यादवींत, संग्रहालयाची जाळपोळ व लूट झाली. त्यांत चित्रास इजा पोंचली. दुरुस्तीसाठीं तें माद्रिदला नेलें गेलें व तेथें अठरा वर्षें पडून राहिलें. शेवटीं फिलिपिनो लोकांच्या व त्यांच्याविषयीं सहानुभूति असणाऱ्या स्पॅनिश मंडळींच्या मागणीस यश येऊन जनरल फ्रांकोच्या सरकारनें १९५८ मध्यें तें फिलिपाईन्सला देणगी म्हणून दिलें. आकार प्रचंड असल्यामुळें तें तीन भाग करून, तीन पेट्यांतून, मनिलेस आलें. आज तें तेथील राष्ट्रीय ललितकला संग्रहालयांत आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं त्या चित्रापुढें उभें राहण्याचा योग मला आला. शाळेंतील मुलांचा एक वर्ग जमिनीवर बसून त्याकडे पाहत होता. शिक्षिका त्यांना रोमन योद्ध्यांविषयीं सांगत होत्या, स्पेनच्या जुलमाविषयीं सांगत होत्या. चित्र येथवर कसें आलें ह्याविषयीं मात्र त्या कांहीं बोलल्या नाहींत. मला त्या वेळीं वाटलें, ह्या मुलांना अर्धेंच चित्र दाखविलें जात आहे. स्पेनविरुद्धचें गाऱ्हाणें म्हणून जें चित्र वाचलें गेलें, तें स्पेननेंच विकत घेतलें, स्पेनच्याच यादवींत भाजलें, आणि स्पेनच्याच एका हुकूमशहाच्या हातून भेट म्हणून घरीं आलें. ओढून नेलेल्या देहाचें चित्र स्वतःच ओढलें गेलें, तुकडे होऊन पेटींत पडलें. हा अर्थ लूनानें घातलेला नाहीं. तो कुळानें घातला आहे. पण एकदां तो कळल्यावर चित्राच्या उजव्या कडेस पाठमोरी बसून शोक करणारी ती स्त्री पूर्वीसारखी दिसत नाहीं.

त्याच प्रदर्शनांतील इदाल्गोच्या चित्राचें दैव निराळें. जमावापुढें विटंबनेसाठीं उभ्या केलेल्या ख्रिस्ती कुमारिका हा त्याचा विषय. मूळ चित्र १९३९ मध्यें स्पेनमधील वायादोलिद विद्यापीठाच्या आगींत नष्ट झालें. मनिलेंत आज जें पाहावयास मिळतें तें इदाल्गोच्याच हातचें त्याच विषयावरील दुसरें चित्र. कूळ न विचारणारा प्रेक्षक ह्यापुढें उभा राहून १८८४ च्या पदकाचें कौतुक करील, आणि तें कौतुक चुकीच्या पत्त्यावर जाईल. लूनाच्या 'एस्पान्या इ फिलिपिनास' ह्या चित्राबद्दलहि हीच सावधगिरी हवी. पायऱ्या चढणाऱ्या दोन पाठमोऱ्या स्त्रिया, एक स्पेन व दुसरी फिलिपाईन्स, हा विषय त्यानें एकाहून अधिक वेळां रंगविला. त्यांतील एक चित्र मनिलेच्या लोपेस संग्रहालयाचें, तर दुसरें प्रादो संग्रहालयाच्या मालकीचें. नांव एक म्हणून कूळ एक होत नाहीं.

येथवर कुळानें अर्थ वाढविल्याचीं उदाहरणें झालीं. आतां किंमतीनें अर्थ झांकल्याचें एक उदाहरण घेतों. लूनाचें 'पॅरिसमधील जीवन' हें १८९२ सालचें चित्र. पॅरिसच्या एका कॅफेंत बांकावर बसलेली टोपी घातलेली स्त्री, आणि मागें कोपऱ्यांत तीन पुरुष. ते तिघे म्हणजे स्वतः लूना, रिझाल व त्यांचे मित्र डॉक्टर आरिस्तोन बाउतिस्ता लिन, असें मानलें जातें. चित्र ह्या डॉक्टरांकडे होतें, व पुढें त्यांच्या कुटुंबांत राहिलें. २००२ च्या ऑक्टोबरांत तें हाँगकाँग येथील क्रिस्टीच्या लिलावांत आलें, आणि फिलिपाईन्सच्या सरकारी नोकरांचा विमा व निवृत्तिवेतन सांभाळणाऱ्या संस्थेनें तें सुमारें ४ कोटि ६० लक्ष पेसोंस विकत घेतलें.

देशांत मोठी खळबळ उडाली. आमच्या म्हातारपणाचा पैसा कॅन्व्हसवर कां घातला, असें शिक्षक व इतर नोकर विचारूं लागले. निवृत्तीच्या उंबरठ्याकडे चाललेल्या प्रस्तुत लेखकास तो प्रश्न मुळींच परका वाटत नाहीं. राष्ट्राचा ठेवा राष्ट्रांत यावा ही इच्छा योग्यच. परंतु ज्या थैलींतून तो घ्यावयाचा ती थैली कोणाची, हेंहि कुळाच्याच हिशेबांत येतें. ह्या चित्राच्या मालकांच्या यादींत आतां त्या देशाचे लक्षावधि शिपाई, कारकून व शिक्षक आहेत. त्यांना कोणीं विचारलें नव्हतें एवढेंच. २०१२ पासून चित्र राष्ट्रीय संग्रहालयाच्या हवालीं झालें, तेव्हां निदान पाहण्याचा हक्क तरी त्यांना मिळाला.

परंतु टीकाकार ह्या नात्यानें मला खुपतें तें दुसरेंच. खरेदीवर गहजब झाल्यावर चित्राचे नवे नवे अर्थ पुढें येऊं लागले. त्या स्त्रीच्या आकृतींत फिलिपाईन बेटांचा नकाशा आरशांतल्याप्रमाणें उलटा दिसतो, असेंहि सांगण्यांत आलें. असें दिसतें कीं, एवढा पैसा ज्यास पडला त्या चित्रांत सबंध राष्ट्र मावलेंच पाहिजे, अशी कांहीं जणांची धारणा झाली. नकाशा शोधण्याची गरज होती काय? चित्राची तारीख व पहिल्या मालकाचें नांव एवढीं दोनच टिपणें पुरेशीं होतीं. १८९२ च्या जुलैंत रिझाल ह्यांना मनिलेहून दापितान येथें हद्दपार करण्यांत आलें. त्याच सालच्या सप्टेंबरांत लूनानें पॅरिसमध्यें संशयाच्या भरांत आपल्या पत्नीचा व सासूचा पिस्तुलानें खून केला. कोपऱ्यांत टेबलाभोंवतीं बसलेले ते तीन मित्र पुन्हां असे बसणार नव्हते, आणि तिसऱ्याच्या घरीं तें चित्र राहिलें. ह्याहून करुण अर्थ कोणता नकाशा देणार? किंमतीचें समर्थन करण्याच्या घाईंत लोकांनीं हातांतला अर्थ टाकून बेगडी अर्थ पत्करला.

लूनाच्या त्या कृत्याची छाया आणखी एका चित्राच्या कुळावर पडली आहे. 'हिमेन, ओ हिमेने!' हें रोमन विवाहसोहळ्याचें चित्र. लूनाचा पास पार्दो दे तावेरा हिच्याशीं विवाह १८८६ च्या डिसेंबरांत झाला, आणि हें चित्र त्याच सुमारास हातीं घेतलेलें. १८८९ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत त्यास कांस्यपदक मिळालें. पुढें तीन वर्षांनीं तो खून. १८९३ च्या फेब्रुवारींत न्यायालयानें लूनास सोडून दिलें. आणि चित्र लोकांच्या दृष्टीआड झालें. सुमारें सव्वाशें वर्षें संग्राहक त्याचा शोध घेत होते. मनिलेच्या एका चित्रविक्रेत्यास तें २०१४ मध्यें युरोपांतील एका घरंदाज कुटुंबाकडे सांपडलें, आणि २०२३ च्या जूनमध्यें तें मनिलेच्या आयाला संग्रहालयांत लोकांस दिसलें.

ह्या शोधामागील चिकाटीचें कौतुक करावें तितकें थोडें. पण कुळाच्या दृष्टीनें पाहतां काय उरतें? १८८९ पर्यंतचा इतिहास माहीत आहे. २०१४ नंतरचा माहीत आहे. मधल्या काळासाठीं वाचकांस 'युरोपांतील एक घराणें' एवढेंच मिळालें. विकणाऱ्याचें नांव गुप्त ठेवण्याची रीत ह्या व्यापारांत जुनी आहे, आणि तिला सबळ कारणेंहि असतात. कोणा कुटुंबास आपली अडचण चव्हाट्यावर यावयास नको असते. कोणास चोरांचें भय असतें. तरीहि ज्या वधूवरांच्या चित्रामागें एवढी शोकांतिका उभी आहे, तें त्या सव्वाशें वर्षांत कोणाच्या भिंतीवर, कोणत्या समजुतीनें लावलेलें होतें, त्यांना चित्रकाराची कथा माहीत होती कीं नव्हती, हें कळणें हा कलेच्या इतिहासाचा अधिकार आहे. मला ह्यावर एक उपाय सुचतो. मालकांची पूर्ण नांवनिशी मोहोरबंद करून एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी आणि ठराविक वर्षांनंतर, समजा पंचवीस वर्षांनीं, ती उघडावी. आजच्या माणसांची अब्रू राहील आणि उद्यांच्या अभ्यासकाचा मार्गहि बंद होणार नाहीं.

कागद जेथें मुके असतात तेथें लोक कूळ स्वतःच रचतात. राष्ट्रीय संग्रहालयांत लूनाचें एका स्त्रीचें व्यक्तिचित्र आहे. ती त्याची पत्नी पास, असा पुष्कळांचा समज. तें ज्याच्या ज्याच्या घरीं गेलें त्याच्यावर कांहींतरी आपत्ति कोसळली, अशी दंतकथा मनिलेंत सांगतात. कोणाचा व्यापार बुडाला, कोणास अपघात झाला, कोणी अंथरुणास खिळला. विद्वान् लोक ह्यावर हंसतात. मला त्यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी वाटते. सामान्य माणसानें तें चित्र कोणत्या क्रमानें हातोहात गेलें हें तोंडपाठ ठेवलें, आणि त्या मालकीस नीतीचा प्रश्न जोडला: ह्या स्त्रीचें रूप भिंतीस टांगून मिरविण्याचा अधिकार तुम्हांला कोणीं दिला? लिलावाच्या छापील सूचींत हा प्रश्न आढळत नाहीं.

आतां त्या युद्धाविषयीं. १९४५ च्या फेब्रुवारींत अमेरिकन व जपानी सैन्यांची मनिलेंत एक महिना लढाई झाली. सुमारें एक लक्ष नागरिक मेले, आणि इंत्रामुरोस हें तटबंदीचें जुनें शहर व त्यालगतच्या एर्मिता, मालाते ह्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. सरकारी संग्रह, मठ, वाडे ह्यांच्याबरोबर चित्रें गेलीं. आणि चित्रांबरोबर पावत्या, मृत्युपत्रें, पत्रव्यवहार व छायाचित्रेंहि गेलीं. लूनाचें रक्तकराराचें चित्र राष्ट्राध्यक्षांच्या मालाकान्यांग राजवाड्यांत होतें म्हणून वांचलें. ह्या संहाराचा एक परिणाम असा कीं, त्या नगराच्या चित्रांचें कूळ पुष्कळदां १९४५ पाशीं येऊन थांबतें. "कागद युद्धांत जळाले," हें उत्तर अनेक घरांच्या बाबतींत अक्षरशः खरें आहे, आणि म्हणूनच लबाडास तें सर्वांत सोयीचें आहे. खऱ्या दुःखाआड खोटेपणा लपतो तेव्हां त्यास बाहेर काढणाऱ्यालाच निर्दय ठरावें लागतें.

पूर्वीं ह्या अडचणींत जाणत्या माणसाचा शब्द प्रमाण मानीत. मनिलेच्या बिनोंदो भागांत रोमान ओंगपिन ह्यांचें 'एल ८२' नांवाचें दुकान होतें. तेथें चित्रकलेचें साहित्य मिळे. त्यांचे चिरंजीव आल्फोन्सो हे पुढें जुन्या चित्रांचे नामांकित संग्राहक व पारखी झाले. बापानें रंग विकले आणि मुलानें चित्रें ओळखलीं, ही परंपरा रम्य आहे. पण एका माणसाच्या डोक्यांत सांठविलेलें ज्ञान त्याच्याबरोबरच जातें, आणि मागें राहते ती त्याच्या नांवाची सही. तिचाहि व्यापार होऊं शकतो. आमोर्सोलोसारख्या विपुल चित्रें काढणाऱ्या व लोकप्रिय चित्रकाराच्या नकला बाजारांत सुळसुळाट करितात, हें त्या देशांत सर्वांस ठाऊक आहे. २०१८ च्या सप्टेंबरांत 'स्पोलियारियम'चा कच्चा आराखडा म्हणून मांडलेलें एक लहान चित्र मनिलेच्या लिलावांत सुमारें ७ कोटि ३५ लक्ष पेसोंस गेलें. तें स्पेनमधून आल्याचें सांगण्यांत आलें. त्याच्या खरेपणाविषयीं जाहीर वाद माजला. विकणारे आपल्या मतावर ठाम राहिले. त्या चित्राचा निकाल येथें बसून देण्याचा आगाऊपणा मी करणार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, कुळाचे सर्व कागद विक्रीपूर्वीं महिनाभर अभ्यासकांपुढें ठेवण्याची रीत असेल, तर असे वाद लिलावाच्या हातोड्यानंतर न होतां आधीं होतील.

ह्यावर आपल्याकडील एक जुना आक्षेप येईल. फडके–खांडेकर वादाच्या काळापासून आपण कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, ह्यावर पुष्कळ शाई खर्चिली आहे. पहिल्या पक्षाचा रसिक विचारील, चित्र सुंदर असेल तर मालकांच्या यादीचें मला काय? आक्षेप तुच्छ नाहीं. निर्दोष कुळाचें सामान्य चित्र सामान्यच राहतें, आणि कूळ हरवलेलें श्रेष्ठ चित्र श्रेष्ठच. डोळ्याचें काम कागदानें होत नाहीं. पण डोळ्यासहि सवय लावावी लागते, आणि ती लागते खात्रीच्या चित्रांवर. बनावट चित्रें खरीं म्हणून पाहत राहिलेला डोळा पुढें खऱ्या चित्रालाच परकें मानूं लागतो. मग सौंदर्याची ती शुद्ध जाण कोणाच्या भरंवशावर उभी राहणार?

कूळ शोधण्याचें काम दिसतें तितकें गूढहि नाहीं. तें चित्राच्या पाठीकडून सुरू होतें. चौकटीच्या लांकडावर प्रदर्शनाचा क्रमांक असतो, दुकानदाराची चिठ्ठी असते, जकातीचा शिक्का असतो. मग प्रदर्शनांच्या छापील याद्या, त्या वेळचीं वृत्तपत्रें, वांटणीपत्रें, विम्याच्या याद्या, आणि घरगुती समारंभांचीं जुनीं छायाचित्रें, ज्यांत वधूवरांच्या मागें भिंतीवर चित्र दिसतें. प्रत्येक दुवा दुसऱ्याशीं जुळला पाहिजे; आणि जेथें जुळत नाहीं तेथें 'येथें खंड आहे' असें स्पष्ट लिहिलें पाहिजे. खंड असणें ही लाजेची गोष्ट नाहीं. खंड बुजविण्यासाठीं गोष्ट रचणें ही आहे. फिलिपाईन्समध्यें २०१० मध्यें संमत झालेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायद्यानें अशा वस्तूंची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली, व महत्त्वाच्या कृति परवानगीवांचून देशाबाहेर नेण्यास मनाई केली. कायदा चांगला, पण नोंदवही भरते ती मालकाच्या सचोटीनें.

अशी सचोटी दाखविणारेहि त्या देशांत झाले. एउहेनियो लोपेस ह्यांनीं जमविलेला संग्रह १९६० मध्यें संग्रहालयाच्या रूपानें लोकांस खुला झाला. होर्हे वार्गास ह्यांनीं आपलीं चित्रें, ग्रंथ व कागदपत्रें १९७८ मध्यें फिलिपाईन विद्यापीठास दिलीं. चित्राबरोबर कागदहि देणारा संग्राहक मला खरा संग्राहक वाटतो. इतरांचें नांव कोठीवाला.

आपल्या घरांतूनहि आजोबांचें एखादें तैलचित्र, कोणा विसरलेल्या चित्रकाराचें निसर्गदृश्य, भिंतीवर असतें. तें कोठून आलें हें सांगणारें माणूस बहुधा घरांत एकच असतें, आणि तें वयानें सर्वांत मोठें असतें. हा लेख वाचून झाल्यावर कोणीं त्याला विचारून चार ओळी लिहून चित्रामागें डकविल्या, तर माझे श्रम सार्थकीं लागले असें मी समजेन. ऋषीचें कूळ खुशाल न विचारावें. ऋषि आपल्या तपानें ओळखला जातो. चित्र बिचारें मुकें असतें. त्याच्या वतीनें कोणी तरी बोललें पाहिजे, आणि खरें बोललें पाहिजे.